शिकण्याचे पैसे

आमच्या घरात शिक्षण म्हणजे कायम घरातून जाणारा पैसा. बहिणीच्या डी.एड.ला एका वर्षीचा कापूस गेला, माझ्या दहावीच्या शिकवणीला सोयाबीन. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या वालूर गावात आमच्यासारख्या तीन-चार एकरांच्या घरांत असंच चालतं. म्हणून २०२२ साली मी मायला जेव्हा सांगितलं की वर्षभर कंपनीत फिटरचं काम शिकायचंय आणि शिकत असताना महिन्याला सात हजार मिळणार आहेत, तेव्हा तिनं हातातलं काम थांबवून विचारलं, "मंग त्यायला काय फायदा?"

प्रश्न बरोबर होता. ज्याला काम पुरतं येत नाही त्याला कोणी पैसे का द्यावेत? आमच्याकडं रीत उलटी आहे. गॅरेजवर, वेल्डिंगच्या दुकानात पोरगं 'शिकायला ठेवतात'. त्यानं सकाळी शटर उघडायचं, झाडून घ्यायचं, चहा आणायचा, मागितला तो पाना हातात द्यायचा. दोन-तीन वर्षं पदरात काही पडत नाही. दिवाळीला कपडे, बाकी वस्तादाच्या मर्जीवर. वस्ताद चांगला असला तर पोरगं घडतं. असे वस्ताद मी पाहिलेत, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण ज्या घराला पोराच्या मजुरीची गरज आहे, ते घर तेवढी वर्षं थांबू शकत नाही. मग ते पोरगं ऊस तोडायला जातं, नाहीतर पुण्याला सिक्युरिटीत. हात चांगला असूनही अंगी कसब न आलेली माझ्या वयाची कितीतरी मुलं गावात आहेत. शिकणाऱ्याला पैसे मिळायलाच हवेत हे माझं मत त्यांच्याकडं पाहून झालं. कायदा मी नंतर वाचला.

कायदा तसा जुना, शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१. त्याचे नियम २०१९ मध्ये बदलले. तीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेनं आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचेच, असं त्यात आहे. त्या बदलात विद्यावेतनाची किमान रक्कमही ठरली होती: दहावी न झालेल्याला ५,०००, नुसती दहावी झालेल्याला ६,०००, आयटीआय झालेल्याला ७,०००, पदविकाधारकाला ८,०००, पदवीधराला ९,०००. प्रशिक्षण एका वर्षापेक्षा जास्त असेल तर दुसऱ्या वर्षी दहा टक्के वाढ. मी मायला एवढंच सांगितलं, "कायदा हाय म्हणून देतेत." तिचं समाधान झालं नाही. "कायद्यानं काम मिळतं व्हय?" म्हणाली. तिला खरं उत्तर मला द्यायला जमलं ते वर्षभरानंतर, आतून पाहिल्यावर: कंपनीलाही शिकाऊ पोरगं लागतं. जुनी माणसं निवृत्त होतात, मशीन बदलतात, आणि बाहेरून तयार फिटर आणला तरी त्या कारखान्याचं यंत्र त्याला पहिल्या दिवशी कळत नाहीच.

मला काम अगदीच येत नव्हतं असं मात्र नाही. सेलू-मानवतचा पट्टा कापसाचा. दसरा-दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाल्या की आमच्या भागातली माणसं तिकडं कामाला जातात. बहुतेक जण ओझं उचलायला, कापूस ओढायला, सरकी भरायला. मी आयटीआय संपवून घरी बसलो होतो. २०२० ची परीक्षा करोनामुळं लांबली, कंपन्यांचे दरवाजे बंद. तेव्हा एका जिनमध्ये फिटरच्या हाताखाली लागलो. रोजंदारी हेल्परची होती, पण काम जिन फिटरच्या शेजारी उभं राहून करायचं होतं आणि ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोलाचं शिक्षण ठरलं.

डबल रोलर जिन ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. समोरासमोर दोन रोलर फिरतात. त्यांच्या खरखरीत अंगाला कापसाचे तंतू चिकटतात आणि पलीकडं ओढले जातात. प्रत्येक रोलरला टेकून एक स्थिर पातं असतं, त्याच्यापाशी सरकी अडते आणि मध्ये वरखाली हलणारं दुसरं पातं तिला झटका देऊन खाली पाडतं. इतकंच. पण या 'इतकंच'मध्ये सगळी कारागिरी आहे. पात्याचा रोलरवरचा दाब कमी पडला तर रुई सरकीवरच राहते. जास्त झाला तर रोलर तापतो, आणि रुईच्या ढिगाशेजारी तापलेला रोलर म्हणजे आगीला आमंत्रण. आमचे वस्ताद जिनजवळून चालता चालता थांबायचे, नाक वर करायचे आणि म्हणायचे, "चार नंबर बंद कर." मला काही जाणवायचं नाही. बंद करून हात लावला की रोलर गरम लागायचा. पुढंपुढं तो जळकट वास मलाही ओळखू यायला लागला. बेअरिंगच्या घरावर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवून मुठीला कान लावायचा आणि आतली खरखर ऐकायची, हेही त्यांनीच शिकवलं. त्यांची शाळा चौथीपर्यंतची. त्यांच्याकडं कसलंच प्रमाणपत्र नव्हतं, आणि माझं हे शिकणंही कुठल्या कागदावर येणार नव्हतं.

अर्ज भरायला बसलो तेव्हा हे पहिल्यांदा टोचलं. शिकाऊ उमेदवारीचं पोर्टल दहावीचे गुण विचारतं, आयटीआयचा ट्रेड, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष, आधार, आधारशी जोडलेलं बँक खातं, ईमेल. जिनच्या हंगामांत शिकलेलं काम लिहायला मला त्यात जागा सापडली नाही. गावातल्या ऑनलाइनच्या दुकानात रांग असायची ती पीकविम्याची आणि उताऱ्यांची. माझा नंबर लागेपर्यंत नेट गेलेलं असायचं. त्यात दहावीच्या गुणपत्रिकेवर माझ्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग एका 'ए'चं आणि आधारवर दोन 'ए'चं. मराठीत नाव दोन्हीकडं तेच. शाळेत दाखल करताना कोणीतरी कानावर पडलं तसं लिहिलं, आधारच्या वेळी दुसऱ्या कोणी त्याला वाटलं तसं. त्या एका अक्षरासाठी अर्ज परत यायचा. दुरुस्तीसाठी तालुक्याला, सेलूला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडायची आणि बसभाडं वेगळं. शहरातल्या मुलाला ही अर्ध्या तासाची कटकट वाटेल. आमच्या गावात मात्र याच पायरीवर मुलं अर्ज सोडून देतात, आणि त्यांनी अर्ज सोडला हे कोणाला कळतही नाही, कारण त्यांचं नाव कुठल्याच यादीत आलेलं नसतं.

रेल्वेचाही अर्ज केला होता. तिथं शिकाऊ भरतीला परीक्षा नसते. दहावीचे आणि आयटीआयचे गुण एकत्र धरून यादी लागते. आमच्याकडं या भरतीचं फार आकर्षण आहे, आणि त्याला कारणही आहे: रेल्वेत प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी लेव्हल-१ च्या थेट भरतीत वीस टक्के जागा राखलेल्या असतात. यादी गुणांवर असल्यानं वशिला चालत नाही, ही त्यातली मोठी गोष्ट. ज्याचं कोणी नाही त्या मुलाला याचा आधार वाटतो. पण फिटरचा हात न पाहता फिटर निवडायचा आणि तोही सोळाव्या वर्षी लिहिलेल्या इतिहास-भूगोलाच्या पेपरवरून, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. माझे दहावीचे गुण बेताचे होते. यादीत नाव आलं नाही.

मग मेळावा. २०२२ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी देशभर आयटीआयमध्ये शिकाऊ उमेदवारीचे मेळावे भरवायला सुरुवात झाली. कंपन्यांची माणसं टेबल मांडून बसतात, मुलं कागदांची पिशवी घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर. मी परभणीच्या मेळाव्याला गेलो. काही टेबलांवर नुसते फॉर्म गोळा करत होते. एका टेबलावरच्या माणसानं मात्र 'फिटर' वाचून माझे तळहात पाहिले आणि वाळूजला चाचणीसाठी यायला सांगितलं.

वाळूज आम्हाला नावानं माहीत असतं. १९८५ मध्ये तिथं बजाजचा कारखाना सुरू झाला आणि भोवती सुट्या भागांचे लहान-मोठे कारखाने उभे राहिले. मराठवाड्यातल्या किती घरांत त्या भागातून पगार येतो ते मोजता यायचं नाही. सेलूहून गाडीनं संभाजीनगर (तेव्हा औरंगाबादच), तिथून पुढं रिक्षा. माझी चाचणी होती ती दुसऱ्याच एका मध्यम कारखान्यात.

एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा, आठ मिलिमीटर जाडीचा तुकडा दिला. पन्नास बाय पन्नासचा चौकोन करायचा, कडा एकमेकींशी काटकोनात, मधोमध छिद्र आणि त्यात एम-१० चे आटे. आमच्या रांगेत मुलं वाईससमोर उभी राहिली आणि एकदम कानशींचा आवाज सुरू झाला. बहुतेक मुलं पुढं-मागं दोन्हीकडं जोर लावत होती. कानस पुढं जाताना कापते. मागं ओढताना दाब दिला तर नुसते दाते बोथट होतात. मी सावकाश चाललो. कापायला रफ, मग सेकंड कट. शेवटच्या हाताला स्मूथ कानस घेतली आणि खिशातला खडू काढून तिच्यावर घासला.

फोरमन माझ्यामागं येऊन थांबले. साठीला आलेले, चष्मा दोरीनं गळ्यात. "खडू कशाला?"

"दात्यांत चुरा अडकत नाही सर. अडकला की कामावर ओरखडे येतात."

"आयटीआयला शिकवलं?"

"जिनवर. वस्तादांनी."

ते काही बोलले नाहीत. मी गुण्या कडेला लावून तुकडा खिडकीकडं धरला. एका टोकाला उजेडाची बारीक रेघ दिसत होती. तेवढंच घासलं, पुन्हा धरला, रेघ गेली. छिद्रासाठी साडेआठचं ड्रिल निवडलं. एम-१० च्या आट्यांचं अंतर दीड मिलिमीटर, ते दहातून वजा केलं की साडेआठ. आयटीआयमध्ये हा हिशेब आमच्या सरांनी इतक्यांदा करून घेतला होता की विचारच करावा लागला नाही. टॅप सरळ बसलाय का ते दोन बाजूंनी गुण्या लावून पाहिलं. तेलाचा थेंब सोडला. एक फेरा पुढं, अर्धा फेरा मागं, म्हणजे आतला कीस तुटतो. शेजारच्या मुलानं घाईनं टॅप पुढंच फिरवत नेला आणि कट्कन आवाज आला. छिद्रात तुटलेला टॅप काढणं जाणत्या फिटरलाही नकोसं काम. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. तो कन्नडकडचा होता, आयटीआयमध्ये पहिला आलेला. त्यांच्या तुकडीला करोनाच्या काळात प्रॅक्टिकल जवळजवळ झालंच नव्हतं. त्यात त्याचा काय दोष? त्याला दुसरा तुकडा मिळायला हवा होता. मिळाला नाही.

नंतर तोंडी प्रश्न. फोरमननी विचारलं, "बेअरिंग गरम का होतं?" मी म्हणालो, ग्रीस कमी पडलं तर होतं, आणि जास्त भरलं तरी होतं. शाफ्ट सरळ रेषेत नसेल तर होतं, पट्टा फार ताणला असेल तरी होतं. "जास्त ग्रीसनं गरम होतं हे कोणी सांगितलं?" मी पुन्हा जिनचं नाव घेतलं. मग त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला आणि रोलर, पाती, दाब, आग याबद्दल विचारत राहिले. अर्जात ज्याला जागा नव्हती ते सगळं त्या टेबलावर बोलून झालं. माझी निवड झाली ती या संभाषणामुळं, असं मी मानतो. आणि म्हणूनच माझं म्हणणं आहे की ही चाचणी ज्या कंपन्या घेतात त्यांनी ती कधी बंद करू नये, आणि ज्या घेत नाहीत त्यांनी सुरू करावी. गावाकडच्या मुलाला त्याच्या हातांनीच बोलता येतं.

करार झाला. तो कागद मी नीट वाचला, दोनदा वाचला, घरी नेऊन वडिलांनाही वाचून दाखवला. शिकाऊ उमेदवार हा कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे. आठवड्याचे तास ४२ ते ४८, त्यातच वर्गातलं शिकवणंही. परवानगीशिवाय ओव्हरटाइम नाही. इजा झाली तर भरपाई मालकानं द्यायची. आणि प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन कंपनीवर नाही. हे शेवटचं वाक्य वडिलांना खटकलं. "मंग वर्षभरानं परत येशील?" मी म्हणालो, परत आलो तर फिटर होऊन येईन. शेवटी परीक्षा असते, राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं, ते देशात कुठंही चालतं.

कामावर गेलो त्या दिवसांत मनात एक विचार सारखा यायचा. आमच्या वालूरला जुनी बारव आहे, पायऱ्या गोल वळसा घेत खाली उतरणारी. गावातल्या मंडळींनी श्रमदानानं तिच्यातला गाळ उपसला तेव्हा मीही टोपल्या उचलल्या होत्या. दगडाला दगड असा बसवलाय की सांध्यावरून बोट फिरवत राहावं. ज्या पाथरवटांनी ते केलं त्यांनी ते बापाकडून घेतलं असणार. सुताराचं सुताराच्या घरात, लोहाराचं लोहाराच्या. बलुत्याच्या गावात कसब जातीबरोबर यायचं, आणि कुणब्याच्या पोरानं कानस हातात धरायचा प्रश्नच नव्हता. आमच्या शिकाऊंच्या तुकडीत धनगर, मातंग, मराठा, मुस्लिम, कोष्टी, सगळी मुलं होती, एक मुलगी होती टर्नर ट्रेडची, आणि कोणाचाही बाप फिटर किंवा टर्नर नव्हता. जात न विचारता कसब हाती देणं, हे पगारी शिकाऊपणाचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं काम आहे.

सात हजारांत महिना कसा काढायचा, हे मात्र कुठल्या करारात नसतं. वाळूजजवळ रांजणगाव शेणपुंजीत चौघांनी मिळून खोली घेतली. भाडं आणि डबा यांतच निम्म्याहून जास्त जायचं. कारखान्याची बस नव्हती. सुरुवातीचे महिने घरी पाठवायला काही उरलं नाही, आणि ज्यांच्या घरी पाठवणं भाग होतं ती मुलं मधेच सोडून गेली. ज्या मुलाचं घर शहरात आहे त्याला सात हजार म्हणजे खरंच सात हजार. वालूर, जिंतूर, पाथरीहून आलेल्याला ते तीनसुद्धा नसतात. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेनं विद्यावेतनात ३६ टक्के वाढीची शिफारस केली: ५,००० ते ९,००० ऐवजी ६,८०० ते १२,३००. ही वाढ कधीच व्हायला हवी होती. आणि बाहेरगावच्या उमेदवाराला वसतिगृह किंवा घरभाड्याचा वेगळा भाग मिळत नाही तोवर नुसती रक्कम वाढवूनही अर्धंच काम होईल. राज्यानं २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिच्यात आयटीआयवाल्याला ८,००० होते, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. पैसे एक हजारानं जास्त, म्हणून आमच्याकडच्या काही मुलांनी शिकाऊ उमेदवारी सोडून ती धरली. त्यांना मी दोष देत नाही. पण सहा महिने कुठल्या कार्यालयात बसून फिटरचा हात तयार होत नाही.

आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी. शिकाऊ म्हणून घेऊन मुलांना वर्षभर पॅकिंगला आणि माल उतरवायला लावणारी ठिकाणंही आहेत. माझ्या खोलीतला एक जण अशाच ठिकाणी होता. टर्नर ट्रेडचा मुलगा, लेथला हात लावायला मिळाला नाही. अशा वेळी तक्रार शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडं करता येते, आयटीआयमधल्या मूलभूत प्रशिक्षण केंद्रातून ती पुढं जाते. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. करार करताना हे प्रत्येक मुलाला तोंडानं सांगितलं पाहिजे, नुसतं कागदावर छापून भागत नाही.

माझं वर्ष चांगलं गेलं. देखभाल विभागात होतो. पहिले तीन महिने फक्त मशीन पुसणं, तेल बदलणं, बोल्ट कसणं, आणि ते फोरमनच्या देखरेखीखाली. मग गिअरबॉक्स उघडायला मिळाला. परीक्षा पास झालो, प्रमाणपत्र आलं. त्या कंपनीत जागा नव्हती. शेजारच्या कारखान्यात होती, तिथं लागलो, अजून आहे. पहिला पूर्ण पगार झाला त्या महिन्यात मानवतला जाऊन जिनच्या वस्तादांना भेटलो. त्यांनी पगार विचारला नाही. कोणती यंत्रं आहेत ते विचारलं, आणि त्यांतलं हायड्रॉलिक प्रेसचं ऐकून सील कुठलं वापरतात याची चौकशी केली.

आता वालूरची आणि आसपासची मुलं फोन करतात. ज्याला चाचणीला यायचंय तो आदल्या रात्री माझ्या खोलीवर उतरतो, म्हणजे स्टेशनवर झोपून थकलेल्या हातांनी कानस धरावी लागत नाही. रात्री त्याच्याकडून एम-६, एम-८, एम-१२ च्या ड्रिलचे हिशेब करून घेतो. अर्जात जागा नसली तरी जिन, थ्रेशर, पंप, ट्रॅक्टर, जे काम केलं असेल ते एका साध्या कागदावर लिहून बरोबर ठेवायला सांगतो, टेबलावरच्या माणसाच्या हातात द्यायला. पुढच्या मेळाव्याला दोघं जण येणार आहेत. त्यातल्या एकाचं नाव आधारवर आणि गुणपत्रिकेवर जुळत नाही, त्याला शुक्रवारी सेलूला पाठवलंय. बसभाडं मी दिलंय, मजुरीचं त्याच्या वडिलांशी बोलून घेतलंय.